एकोणचाळिसावा फोटो

मे महिन्यात बहीण भाचीला घेऊन आठवडाभर राहायला आली होती. ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा जिन्याखाली येऊन पडायची, आणि टीव्हीचा दिवसाचा कोटा भाचीने सकाळी दहालाच संपवलेला. तिला नादी लावायला मी म्हटलं, चल, आपण डायनासोरचा सिनेमा काढू. जेवणाच्या टेबलावर मेणकापड घातलं. मागच्या पुठ्ठ्यावर तिने जलरंगात ज्वालामुखी काढला, तो आइस्क्रीमच्या कोनासारखा झाला. जंगल म्हणून कढीलिंबाच्या डहाळ्या मातीच्या गोळ्यांत खोचल्या. नट म्हणून आधी तुळशीबागेतून आणलेला प्लॅस्टिकचा डायनासोर घेतला, पण त्याचे पाय हलेनात. कॅरमच्या सोंगटीसारखा नुसता सरकायचा. मग खेळायच्या मातीचाच केला, आत बाइंडिंगची तार घालून. फोन दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवून पोह्यांच्या डब्याला रबरबँडने बांधला. पंखा बंद, कारण वाऱ्याने जंगल हलत होतं. तिने पाय तांदळाच्या दाण्याएवढा पुढे घ्यायचा, हात मागे ओढायचा आणि म्हणायचं, "काढ!" मी फोटो काढायचा. सरक, काढ. सरक, काढ. घाम हनुवटीवरून मेणकापडावर पडत होता आणि फोटोच्या वेळी ती श्वाससुद्धा रोखून धरत होती, जणू तिच्या श्वासाने तो पडला असता.

चार तासांत एकावन्न फोटो झाले. सेकंदाला बारा या हिशेबाने सव्वाचार सेकंद. रात्री सगळे झोपल्यावर मी ते जोडायला बसलो. एकोणचाळिसाव्या फोटोत तिचं बोट आलं होतं. कुणाच्या तरी लग्नातली मेंदी उतरत आलेलं, नखाच्या कडेला हिरवी माती अडकलेलं, डायनासोरच्या पाठीवर अगदी हलकं टेकलेलं. संध्याकाळी फोटो मागेपुढे करताना तिला ते आधीच दिसलं होतं आणि आईला दाखवून ती खिदळली होती. मी तो फोटो डिलीट केला. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. सकाळी तिला सिनेमा दाखवला. तिने तो सहा वेळा पाहिला आणि मग विचारलं, "मामा, माझं बोट कुठे गेलं?" म्हटलं, "अगं, ते चुकून आलं होतं. काढून टाकलं." ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "पण मीच तर त्याला चालवत होते ना?"

तेवढ्यात आतून पोहे खायला हाक आली आणि मी सुटलो.

सुटलो असं वाटलं खरं. पण ती माणसं परत गेली, टेबलावरचे डाग निघाले, आणि तो प्रश्न राहिला. मी या जुन्या, फ्रेम-फ्रेम करून हलवलेल्या डायनासोरांचा कित्येक वर्षांचा चाहता आहे. त्यांच्यावर मित्रांची डोकी खाल्ली आहेत. त्या मी पहिली संधी मिळताच बोट पुसून टाकावं?

माझा आणि या प्राण्यांचा पहिला संबंध आला तो भाड्याच्या व्हीसीआरमुळे. शनिवारी रात्री व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणायच्या, बिल्डिंगमधल्या अर्ध्या लोकांनी सतरंजीवर येऊन बसायचं, हा त्या काळातला रिवाज. दोन हिंदी चित्रपट निवडून आणलेले असत. तिसरी कॅसेट दुकानदार स्वतःच्या मर्जीने देई. ती लागेपर्यंत पहाटेचे तीन वाजलेले, सगळे आडवे झालेले. त्या रात्री मी आणि माझा मामा एवढेच जागे होतो. पडद्यावर पट्टे येत होते, आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि त्यात घोड्यांवरचे काऊबॉय एका जांभळट निळ्या डायनासोरला दोर टाकून पकडत होते. तो मान झटकायचा, दोर दातांनी चावायचा, एक सुटला की दुसरा पडायचा. मामा भोसरीला एका कारखान्यात फिटर होता. चित्रपटाची गोष्ट त्याला कळत नव्हती, मलाही नव्हती. तो पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "दोर खरे आहेत बघ." मग बऱ्याच वेळाने, अगदी स्वतःशीच: "हे सांधे कुणी केले असतील?"

चित्रपटाचं नाव कळायला मला पंधरा-वीस वर्षं लागली. 'द व्हॅली ऑफ ग्वांगी', १९६९ चा. आणि मामा म्हणाला ते शब्दशः खरं निघालं. दोर खरेच होते. स्पेनमध्ये चित्रीकरण करताना घोडेस्वारांनी ते फेकले होते एका जीपवर उभ्या केलेल्या खांबाला. जीप ओढ घ्यायची, दोर ताणले जायचे, घोडे मागे रेटायचे. नंतर स्टुडिओत रे हॅरीहाउझेन नावाचा माणूस एकटा बसून त्या जीपच्या जागी आपलं मॉडेल आणायचा आणि मॉडेलच्या गळ्यात बारीक तारेचे दोर बांधून ते पडद्यावरच्या खऱ्या दोरांशी असे जुळवायचा, की खरा दोर कुठे संपतो आणि तार कुठे सुरू होते ते कळू नये. प्रत्येक फ्रेमला सगळे दोर पुन्हा जुळवायचे. या एका प्रसंगाला त्याचे महिनेच्या महिने गेले.

त्याची करामत सांगायला सोपी आणि करायला जीवघेणी. माणसांचं चित्रीकरण आधी उरकायचं. मग ते एका छोट्या पडद्यावर मागच्या बाजूने पाडायचं, पण एकेका फ्रेमवर थांबवत. पडद्यापुढे टेबल, टेबलावर प्राणी. कॅमेऱ्यासमोर काच, आणि काचेवर टेबलाचा भाग काळ्या रंगाने झाकलेला. प्राण्याला केसभर हलवायचं, एक फ्रेम घ्यायची, मागचं चित्र एक फ्रेम पुढे सरकवायचं. पूर्ण झालं की फिल्म मागे गुंडाळायची, आता वरचा भाग झाकायचा, खालचा उघडायचा आणि तीच फिल्म पुन्हा चालवून पुढची जमीन भरून काढायची. झाला प्राणी माणसांच्या मधोमध उभा. मधेच फोन वाजला, कुणी दार उघडलं, डावा पाय पुढे जात होता की मागे याचा विसर पडला, की गेलं दिवसभराचं काम. तेव्हा आधीची फ्रेम बघायला मॉनिटर नव्हता. नाकापाशी एक टोकदार दांडी उभी करून किती सरकवलं ते मोजायचं, आणि फ्रेम घेण्याआधी ती काढायला विसरायचं नाही. बाकी सगळं डोक्यात ठेवायचं: मान कुठे चालली आहे, शेपूट तिच्यामागून किती उशिरा वळणार आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम. मी आणि भाचीने बारावर भागवलं, तरी सहाव्या फोटोला शेपटीकडे दोघांचंही दुर्लक्ष झालं आणि ती पुढचे दहा फोटो अर्धांगवायू झाल्यासारखी पडून राहिली.

आणि सांधे? हॅरीहाउझेनची मॉडेलं म्हणजे आत धातूचा सांगाडा, गोळी आणि वाटीच्या सांध्यांचा, आणि वर साच्यात ओतून भट्टीत भाजलेलं फेसाळ रबर. सांधा ढिला असेल तर प्राणी बसतो, घट्ट असेल तर हलवताना उडी मारतो. हवी तिथे थांबेल आणि नको तिथे अडणार नाही इतकी अचूक पकड लागते. हे सांगाडे त्याचे वडील लेथवर करून द्यायचे. कॅलिफोर्नियात मुलगा मातीचे राक्षस करतो आणि त्याचा मेकॅनिक बाप कामावरून आल्यावर त्या राक्षसांचे गुडघे घासत बसतो. हे वाचलं तेव्हा पहाटे तीन वाजता पडद्यापुढे सरकून बसलेला मामा आठवला. त्याला हे सांगायला हवं होतं. तोवर तो गेला होता.

त्याआधीची एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. १९९४ मध्ये 'ज्युरासिक पार्क' हिंदीत लागला, तेव्हा मी मामाला घेऊन गेलो होतो. काय अवस्था झाली होती थिएटरची! पाण्याच्या ग्लासात तरंग उठले आणि शेजारच्या काकूंनी माझा दंड पकडला. बाहेर आल्यावर उसाचा रस पिताना मी मामाला म्हटलं, "तो आपला दोरवाला डायनासोर आता किती हास्यास्पद वाटतो, नाही?" मी तेव्हा हुशार होण्याच्या वयात होतो. मामा "हं" म्हणाला आणि ग्लासातला बर्फ चघळत राहिला. त्या "हं"चा अर्थ मी आजही लावतो आहे. कदाचित त्याला फक्त बर्फ आवडत असेल.

हास्यास्पद का वाटतो, याचं सरळ कारण आहे. धावत्या घोड्याचा कॅमेऱ्याने फोटो घेतला की पाय फरफटल्यासारखे पुसट येतात, आणि तो पुसटपणा डोळ्याला हवा असतो; त्यातूनच आपल्याला वेग दिसतो. मॉडेल मात्र प्रत्येक फ्रेमला स्तब्ध उभं असतं, म्हणून प्रत्येक फ्रेम लख्ख. अशा लख्ख फ्रेमा एकामागोमाग धावल्या की ती ठरावीक थरथर येते, थंडी वाजल्यासारखी. अशीच मॉडेलं हलवणाऱ्या फिल टिपेटने आणि त्याच्या सोबत्यांनी पुढे त्यावरही उपाय काढला: फ्रेम घेतानाच मोटरने मॉडेल किंचित हलतं ठेवायचं. 'ज्युरासिक पार्क'मधले प्राणीही याच पद्धतीने करायचं ठरलं होतं. मग संगणकावर केलेल्या डायनासोरची चाचणी दाखवली गेली आणि टिपेट म्हणाला की आता मीच नामशेष झालो. स्पीलबर्गने तो विनोद उचलून चित्रपटातल्या पात्रांच्या तोंडी घातला. पण टिपेटला घरी पाठवलं नाही. त्याच्या लोकांसाठी एक धातूचा सांगाडा बनवला, सांध्यासांध्यात सेन्सर बसवलेला. त्यांनी तो जुन्या सवयीने हाताने, फ्रेम-फ्रेम करून हलवायचा, आणि संगणकाने ती हालचाल टिपून आपल्या डायनासोरला द्यायची. म्हणजे ज्या सिनेमाच्या जोरावर मी रसाच्या गाड्यावर जुन्या डायनासोरला हसलो, त्यातल्याही काही प्रसंगांत आत माणसाचं बोट होतंच. दिसत नव्हतं इतकंच.

या धंद्याचा मूळपुरुष विलिस ओब्रायन. तरुणपणी संगमरवराच्या कामावर असताना एका सहकाऱ्याबरोबर मातीचे बॉक्सर करून त्यांच्या मारामाऱ्या लावायचा. स्वतःही कधीकाळी बॉक्सिंग केलेलं. मातीचे बॉक्सर फोटो-फोटो करून खरेच लढवता येतील, हे त्याला तिथे सुचलं. १९१५ च्या सुमारास त्याने डायनासोर आणि आदिमानवाचा पाचेक मिनिटांचा एक गमतीदार चित्रपट केला, तो एडिसनच्या कंपनीने विकत घेतला. आता हे वर्ष जरा धरून ठेवा, कारण याच १९१५ मध्ये आपल्याकडे दादासाहेब फाळके काड्यापेटीतल्या काड्या हलवत बसले होते. 'आगकाड्यांची मौज'. काडी सरकवायची, एक फ्रेम, पुन्हा सरकवायची. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. फाळक्यांचा तो चित्रपट आज उरलेला नाही, त्यामुळे त्या काड्यांनी नेमकी काय मौज केली ते कुणालाच पाहता येत नाही. पण नखाने काडी ढकलणारा, मग झटकन हात मागे घेणारा तो मोठ्या मिशांचा माणूस मला अगदी स्पष्ट दिसतो. बहुधा पंखाही बंदच असणार.

ओब्रायनला मार्सेल डेलगाडो भेटला ही त्याची पुण्याई. मूळचा मेक्सिकोचा हा पोरगा लॉस एंजेलिसमध्ये दिवसा किराणा दुकानात काम करायचा आणि संध्याकाळी कलाशाळेत शिल्प शिकायचा. ओब्रायनने त्याला आठवड्याला ७५ डॉलरची नोकरी देऊ केली तर हा नाहीच म्हणाला. पुन्हा पुन्हा नाही म्हणाला. शेवटी ओब्रायनने त्याला नुसतं स्टुडिओ बघायला बोलावलं. एका खोलीत भिंतीवर चार्ल्स नाइटची डायनासोरची चित्रं लावलेली, टेबलावर सामान मांडलेलं. कसं वाटतंय? छान. मग ही खोली तुझी. डेलगाडोने १९२५ च्या 'द लॉस्ट वर्ल्ड'साठी जे प्राणी केले त्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या होत्या. दोन फ्रेमांच्या मधे थोडी हवा भरायची किंवा सोडायची, म्हणजे पडद्यावर बरगड्या खालीवर होणार. उभा राहिलेला प्राणीसुद्धा श्वास घेतो, हे कुणाला तरी सुचलं आणि त्यासाठी कुणी तरी फ्रेमागणिक पिशवी दाबत बसलं.

चित्रपट पूर्ण होण्याच्या खूप आधी, जून १९२२ मध्ये, मूळ कादंबरीचा लेखक आर्थर कॉनन डॉयल न्यूयॉर्कला जादूगारांच्या संस्थेच्या मेजवानीला गेला होता. समोर हुदिनीसकट सगळे पट्टीचे जादूगार. डॉयलचा भुताखेतांवर विश्वास, आणि याच मंडळींनी त्याची थट्टा चालवलेली. त्याने काहीही खुलासा न करता ओब्रायनच्या डायनासोरच्या फिल्मचे तुकडे दाखवले आणि तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी. हे प्राणी खरे असतील तर प्रश्नच नाही, खोटे असतील तरी थोर कलाकृती आहे, असा तिचा सूर. जादूगारांनाच जादू दाखवून गप्प बसायचं, यातला आनंद काय असेल!

ओब्रायननेच हलवलेल्या महाकाय वानराचा, १९३३ चा 'किंग काँग' मी किती वेळा पाहिला याची गणती नाही. माणसांचे प्रसंग मी आता पळवतो, कारण ती बिचारी लाकडी बाहुल्यांसारखी बोलतात. या जातीच्या बहुतेक चित्रपटांत खरा जिवंतपणा रबराच्या वाट्याला आला आहे. शास्त्राचं म्हणाल तर आनंदच. टायरॅनोसॉरसला पंज्यात एक बोट जास्त, शेपूट जमिनीवर घासत चाललेली. १९६६ च्या 'वन मिलियन इयर्स बी.सी.'मध्ये तर गुहेतली माणसं डायनासोरशी लढतात, साडेसहा कोटी वर्षांची चूक एका फटक्यात. प्राध्यापक मंडळी हे चित्रपट बघायला येत नाहीत, असं हॅरीहाउझेन म्हणायचा. असो. काँग आणि टायरॅनोसॉरसची झुंज जमेल तेव्हा नुसती पायांकडे बघत पाहा. ती जनावरांची झटापट नाहीच. ती रिंगमधली कुस्ती आहे, पकडी, धोबीपछाड, सुटका, सगळं माहीत असलेल्या माणसाने लावलेली. आणि झुंजीच्या आधी, झाडीतून बाहेर येताना, तो टायरॅनोसॉरस थांबून कान खाजवतो. कथेला त्याची काही गरज नाही. कुणी सांगितलेलं नसणार. सेटवर दिव्यांच्या उकाड्यात तासन् तास त्या प्राण्याजवळ उभं राहून राहून ओब्रायनला वाटलं असेल, माशी बसली असेल त्याच्या कानावर. शेवटी काँग त्याचा जबडा फाडतो आणि मग तो मेलेला जबडा उघडून, मिटून, पुन्हा उघडून बघतो. खेळणं मोडल्यावर मुलं बघतात तसा.

डायनासोरच्या रबरी कातडीवर हाताच्या खुणा उरत नाहीत, काँगच्या अंगावर उरल्या. त्याला सशाचे केस लावले होते. प्रत्येक वेळी पकडून हलवलं की बोटांखालचे केस दबायचे, वेगळ्या दिशेला पडायचे. पडद्यावर त्याचे केस सतत लहरत राहतात, वारा नसताना. असं सांगतात की ओब्रायन या खुणा दिसणार म्हणून धास्तावला होता, आणि स्टुडिओतल्या कुणा मोठ्या अधिकाऱ्याने बघून म्हटलं, वा, काँग चिडला की त्याचे केस कसे उभे राहतात! आणखी एक गोष्ट त्याच सेटवरची. लघुचित्रणातल्या त्या जंगलात एक खरं झाड ठेवलेलं होतं. दिवसभर काम चाललं. संध्याकाळी फिल्म धुऊन पाहिली तर मागे एक फूल उमलत होतं, काही सेकंदांत, टचकन. सगळा दिवस फुकट. फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरून, रोज एकेक फ्रेम घेऊन 'अंकुराची वाढ' केला, भांडवलदारांना हे माध्यम काय करू शकतं ते पटवायला. फाळक्यांना ज्यासाठी महिनाभर ताटकळावं लागलं, ते ओब्रायनच्या सेटवर न बोलावता आलं आणि घात करून गेलं.

आमच्याकडे कढीलिंबाने तेच केलं. शूटिंगच्या वेळी लक्षातही आलं नाही. सिनेमात मात्र डायनासोर साडेचार पावलं चालतो तेवढ्यात सगळं जंगल माना टाकतं, भोवळ आल्यासारखं, आणि खिडकीतलं ऊन ज्वालामुखीवरून सरकत जाऊन पुठ्ठ्याच्या बाहेर पडतं. आमची चार तासांची दुपार त्या सव्वाचार सेकंदांत कोंबलेली आहे.

ओब्रायनबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो. 'किंग काँग' मार्चमध्ये प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या पत्नीने त्यांच्या दोन्ही मुलांना गोळ्या घालून मारलं. पुढेही तो काम करत राहिला, पण त्याचे बरेचसे बेत कागदावरच राहिले. ग्वांगीची मूळ कल्पना त्याची, १९६२ मध्ये तो गेला तेव्हाही ती तशीच पडून होती. ती पडद्यावर आणली त्याच्या चेल्याने. तेराव्या वर्षी काँग पाहून वेडा झालेला, मग थेट ओब्रायनकडे जाऊन आपली मॉडेलं दाखवणारा तो हा हॅरीहाउझेन. गुरूच्या रखडलेल्या गोष्टीला इतके महिने देणं, दोर न् दोर जुळवत, हे मला त्या प्रसंगापेक्षा जास्त काळ आठवत राहतं. या लोकांच्या चिकाटीचं गोडगोड कौतुक करताना मला थोडी भीतीही वाटते. इतका वेळ एका टेबलापाशी उभं राहणाऱ्या माणसाचं घरात काय होत असेल? मी चार तासांत बहिणीवर दोनदा ओरडलो होतो, एकदा ती फक्त पाणी प्यायला आली म्हणून.

हॅरीहाउझेनच्या प्राण्यांचं मरण बघण्यासारखं असतं. १९५३ च्या चित्रपटात कोनी आयलंडच्या जळत्या रोलर कोस्टरपाशी लोळणारा सरडासदृश राक्षस, जळत्या चर्चमध्ये किंचाळणारा ग्वांगी. ते पटकन मरतच नाहीत. मान उचलतात, पुन्हा टाकतात, छाती एकदा भरते. बघताना कीव येते, आणि हे रबर आहे हे तेव्हाही विसरायला झालेलं नसतं. दोन्ही एकदम. संगणकाच्या डायनासोरने मला घाबरवलं आहे, पुष्कळदा थक्क केलं आहे. त्याच्यासाठी मी एकदाही डोळे पुसलेले नाहीत, आणि याचा दोष संगणकाला द्यावा की माझ्या वयाला, ते ठरवता येत नाही.

खुद्द मॉडेलं मात्र फार टिकत नाहीत. रबर कडक होतं, भेगाळतं, पापुद्रे सुटतात. काही तर हॅरीहाउझेनने स्वतःच मोडली, आतला सांगाडा पुढच्या चित्रपटाला लागला म्हणून. काँगचा एक सांगाडा २००९ मध्ये लंडनला लिलावात लाखभर पौंडांच्या वर गेला; फोटोत नुसते धातूचे हातपाय, केस-कातडं सगळं झडून गेलेलं. डायनासोरांचंही तेच झालं होतं. मांस गेलं, हाडं राहिली, आणि मग हाडांवरून नाइटने चित्रं काढली, चित्रांवरून डेलगाडोने रबर चढवलं, आणि आता रबरही गेलं. आपल्या चंद्रपूरकडे पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरची खरी हाडं आणि दगड झालेली विष्ठा सापडते. मामाला तिथे न्यायचं बोलणं झालं होतं कधीतरी.

परवा फोनमधलं डिलीट केलेल्या फोटोंचं फोल्डर उघडलं. तीस दिवसांनी ते आपोआप रिकामं होतं; चाळीसहून जास्त झाले होते. भाचीचा डायनासोर पुस्तकांच्या कपाटात आहे. माती सुकून पोपडे निघाले आहेत, उजव्या गुडघ्यातून तार बाहेर आली आहे आणि पाठीवर, उजेडाला तिरका धरला तर, एक छोटा गोल ठसा दिसतो. मग मी सिनेमा लावला. सव्वाचारला एक फोटो कमी. तो डावीकडून येतो, शेपूट ओढत, ऊन सरकतं, कढीलिंब माना टाकायला लागतो. अडतिसाव्या आणि चाळिसाव्या फोटोच्या मधे तो जागच्या जागी किंचित दचकतो, पाठीवर कुणी हात ठेवावा तसा, आणि पुढे चालायला लागतो.